विश्लेषण : अबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे लांबून स्पष्ट, जवळून धूसर का दिसतात?

अबालाल रहिमान यांच्या उत्तरकाळातील निसर्गचित्रासमोर उभे राहिले, की आधी पाणी, झाडी आणि कलते ऊन दिसते. दोन पावले पुढे सरकले, की तेच चित्र कुंचल्याच्या तुटक फटकाऱ्यांत विरघळते. एकही पान नीट काढलेले नसते. मग मघाशी दिसलेले तळे आले कुठून?

रेखीव हातापासून फटकाऱ्यांपर्यंत

अबालाल कोल्हापूरचे. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा असल्याने बारीक, रेखीव कामाची सवय हाताला लहानपणापासूनच होती. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना हुबेहूब चित्रणावर त्यांनी हुकमत मिळवली. मुंबईत राहून नाव आणि पैसा कमावता आला असता, पण ते कोल्हापूरला परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. राजाश्रय मिळूनही त्यांची राहणी फकिरीच राहिली. कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहायचे आणि रंकाळा, पंचगंगेचा काठ, भोवतालची झाडी रंगवायची, हाच त्यांचा दिनक्रम झाला.

रंकाळ्यातील संध्यामठाचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. तलाव भरला की ही दगडी वास्तू पाण्यात जाते आणि पाणी उतरले की पुन्हा उघडी पडते. रोज बदलणाऱ्या अशा देखाव्यापुढे बसणाऱ्याला दगडन् दगड मोजत बसायला सवड नसते. प्रकाश निसटण्याआधी तो पकडावा लागतो. बारीक काम येत असूनही अबालाल यांनी ते बाजूला ठेवले, हे इथे महत्त्वाचे.

डोळा आधी काय वाचतो?

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका वेळी अगदी स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो, बाकीचे सगळे धूसर. तरीही समोर तळे आहे की बाजार, हे क्षणात कळते. कारण मेंदू तपशिलांची वाट पाहत नाही. उजेड-अंधाराचे मोठे पट्टे, त्यांच्या कडा आणि दिशा यांवरून तो जागेचा अंदाज बांधतो. आडवा उजळ पट्टा म्हणजे पाणी किंवा माळ, उभे गडद पट्टे म्हणजे झाडे. फ्रान्समधील सायमन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लोकांना छायाचित्रे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाच वेळ दाखवली. तेवढ्यातही चित्रात प्राणी आहे की नाही, हे बहुतेक वेळा बरोबर ओळखले गेले.

त्याआधी १९८७ मध्ये डेव्हिड फील्ड यांनी निसर्गाच्या छायाचित्रांतील एक नियमितपणा मांडला होता. उजेड-अंधाराचा सर्वाधिक फरक मोठ्या आकारांत असतो आणि तपशील बारीक होत जातील तसतसा तो ठरावीक प्रमाणात उतरतो. मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशींची घडण या प्रमाणाशी जुळणारी आहे, असे त्यांचे निष्कर्ष सांगतात.

अबालाल गेल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने हे संशोधन झाले. पण त्यांच्या चित्रांत हे प्रमाण नजरेनेच साधलेले दिसते. मोठे पट्टे अचूक, बारीक जागी फक्त सूचना. उलट प्रत्येक पान सारख्याच ठसठशीतपणे काढले, तर झाड कागदी वाटू लागते. नवशिक्यांची निसर्गचित्रे बहुधा इथेच फसतात.

मोबाइलवरही हे पडताळता येते. त्यांचे एखादे चित्र स्क्रीनवर अगदी लहान करून पाहा, देखावा टिकतो. बोटांनी मोठे करत न्या, उरतात फक्त डाग.

चित्रे तळ्यात

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. तो धक्का सहन न होऊन अबालाल यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. आकडा बाजूला ठेवला, तरी त्यांच्या प्रचंड कामातले थोडेच हाती उरले, हे खरे. त्यामुळे रेखीव हात नेमका कसकसा मोकळा होत गेला, हे टप्प्याटप्प्याने पाहण्याची सोय उरलेली नाही. १९३१ मध्ये ते गेले. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी यांच्या पिढीने त्यांना गुरुस्थानी मानले आणि रंकाळ्याच्या काठी बसून चित्र रंगवण्याची रीत कोल्हापुरात पुढे चालू राहिली.