विश्लेषण : बीडच्या ‘पिशवी’च्या नोंदी आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा विसरलेला तक्ता

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला, तेव्हा तीन आकडे एकाच वेळी फिरत होते. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या, अशी माहिती आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर सर्वेक्षणाचा आकडा आला : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सुमारे १७ टक्के. त्याआधीच्या एका छोट्या पाहणीतला ३६ टक्के हा आकडा बातम्यांमधून सगळीकडे पोहोचला होता. देशात १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

या तिन्हींपैकी कोणताही आकडा खोटा नव्हता. पहिल्यात रुग्णालयांतील शस्त्रक्रिया मोजल्या होत्या, मग ती महिला ऊसतोड कामगार असो वा नसो. दुसऱ्यात फक्त ऊसतोड महिला होत्या, पण शस्त्रक्रिया कधीही, कुठेही झालेली चालत होती. तिसऱ्याचा नमुनाच लहान होता. त्यामुळे तिन्ही आकडे एकमेकांशी जोडता येत नव्हते. आणि खरा प्रश्न, या बायांची शस्त्रक्रिया नेमकी कोणत्या आजारासाठी झाली, त्याचे उत्तर या आकड्यांत नव्हतेच. गावात विचारले तर उत्तर दोन शब्दांत मिळते : पिशवी काढली.

रुग्णालयांच्या नोंदीत एकाच गोष्टीसाठी एकच शब्द असला पाहिजे, असा आग्रह १६० वर्षांपूर्वी एका बाईने धरला होता. तिचे नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका. त्यांनी बनवलेला तक्ता मात्र पाठ्यपुस्तकात आला नाही.

दिव्याआधीची गणिते

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. घर इंग्लंडमधील श्रीमंत जमीनदाराचे. वडिलांनी मुलींना घरीच भाषा, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्स यांना गणिताचे वेड होते. त्या काळी रुग्णसेवा हे चांगल्या घरातल्या मुलीचे काम मानले जात नसे, त्यामुळे घरातून कडाडून विरोध झाला. तरी १८५१ मध्ये त्या जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे प्रशिक्षण घेऊन आल्या आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका छोट्या रुग्णालयाचा कारभार पाहू लागल्या.

वर्षभरात क्रिमियाचे युद्ध पेटले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या आजच्या इस्तंबूलच्या आशियाई काठावरील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. कमी माहीत असलेली बाब अशी, की त्या तिथे असतानाच मृत्यू सर्वाधिक झाले. त्यांच्या तक्त्यांनुसार फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्यांपैकी ४२.७ टक्के दगावत होते. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाची माणसे आली, इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ झाली, पाणी आणि हवेची सोय झाली. जूनअखेरीस हे प्रमाण २.२ टक्क्यांवर आले. माणसे जखमांनी कमी आणि जुलाब, पटकी, तापाने जास्त मरत होती. सेवा कितीही मनापासून केली तरी गटारापुढे तिचे काही चालले नसते, हे नाइटिंगेल यांना पूर्णपणे उमगले ते इंग्लंडला परतल्यावर, कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर.

तीन वह्या, तीन बेरजा

त्या कागदांनीच त्यांना हैराण केले. स्कुटारीत मृत्यूंची नोंद तीन ठिकाणी होत होती. एक यादी दफन केलेल्या सैनिकांची. दुसरी डॉक्टरांची, जिच्यात शेकडो पुरलेल्या माणसांचा पत्ताच नव्हता. तिसरी लष्करी कार्यालयाची, आणि तिची बेरीज पहिल्या दोन्हींशी जुळत नव्हती. किती माणसे मेली हेच नक्की नसेल, तर कशाने मेली हे कोण सांगणार?

इथे माझे एक सांगतो. इंजिनिअरिंग करून बातम्यांच्या डेस्कवर आलेल्या माणसाला एक्सेलची कामे आपोआप चिकटतात. एकदा दोन तक्ते जोडायला बसलो. एकात आपल्या जिल्ह्याचे इंग्रजी स्पेलिंग बी-आय-डी, दुसऱ्यात बी-डबल ई-डी. जोडणी केली आणि बीडची ओळ कोरी आली. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे होते. अंबाजोगाई आणि अंबेजोगाईचेही तसेच झाले. मी दहा मिनिटांत दुरुस्त केले, कारण मला बीड माहीत होते. आजारांच्या नावांबाबत ही दुरुस्ती अशी हाताने होत नाही.

१८५६ च्या शरद ऋतूत नाइटिंगेल यांची गाठ विल्यम फार यांच्याशी पडली. फार हे इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकडेवारीचे काम पाहणारे डॉक्टर. मृत्यूच्या कारणांची नावे देशभर सारखी असावीत, यासाठी ते १८३९ पासून झगडत होते. एकाच आजाराला तीन-चार नावे, एकाच नावाखाली तीन-चार आजार, आणि आजाराऐवजी नुसतेच लक्षण लिहिण्याची सवय, ही त्यांची तक्रार होती. १८५३ मध्ये ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी यादी बनवण्याचे काम त्यांच्यावर आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पिन यांच्यावर सोपवले. नाइटिंगेल आणि फार यांची जोडी जमली ती पुढे अनेक वर्षे टिकली. १८५८ मध्ये नाइटिंगेल लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. त्याच वर्षी पाकळ्यांसारखा दिसणारा त्यांचा प्रसिद्ध आलेख छापून आला. त्यात जखमांनी झालेले मृत्यू आणि टाळता आले असते असे मृत्यू वेगळ्या रंगांत होते. आजार कोणत्या रंगात टाकायचा हे ठरले होते ते फार यांच्या यादीवरून.

तो तक्ता नेमका काय होता?

सैन्यावरून त्यांची नजर लंडनच्या रुग्णालयांकडे वळली. तिथे काय दिसले? प्रत्येक रुग्णालयाची आजारांची नावे वेगळी, वर्गवारी वेगळी. काही ठिकाणी नोंदीच नाहीत. त्यामुळे कोणत्या रुग्णालयात रुग्ण जास्त दगावतात, हे विचारण्याची सोयच नव्हती.

नाइटिंगेल यांनी फार यांच्या मदतीने छापील नमुने तयार केले. डाव्या बाजूला आजारांची ठरलेली यादी. पुढे वय आणि लिंग. मग वर्षाच्या सुरुवातीला किती रुग्ण होते, किती दाखल झाले, किती बरे झाले, किती बरे न होता गेले, किती मेले, वर्षअखेर किती उरले आणि सरासरी किती दिवस राहिले. आज हे साधे वाटते. पण यात ‘बरा झाला’ म्हणजे काय, हेही सर्वांना एकाच अर्थाने लिहावे लागणार होते.

जुलै १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत हा प्रस्ताव मांडला गेला. नाइटिंगेल स्वतः हजर नव्हत्या. क्रिमियात जडलेल्या आजाराने १८५७ पासून त्यांना बराच काळ अंथरुणावरच काढावा लागला. बहुतेक काम त्यांनी पलंगावरून, पत्रांनी केले. परिषदेने प्रस्ताव उचलून धरला, लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी नमुने वापरून आपली आकडेवारी प्रसिद्धही केली.

१८६३ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले, आणि बीडशी सर्वात जवळचा धागा हाच. बर्लिनच्या सांख्यिकी परिषदेसाठी त्यांनी शस्त्रक्रियांच्या नोंदीचा वेगळा प्रस्ताव तयार केला. कोणत्या वयाच्या रुग्णावर कोणती शस्त्रक्रिया, कशासाठी, नंतर कोणती गुंतागुंत आणि शेवटी काय झाले, हे सगळीकडे सारख्या शब्दांत लिहावे, असे त्याचे सार होते. शस्त्रक्रिया झाली एवढीच नोंद असेल तर ती करायला हवी होती की नाही, हे कधीच कळणार नाही, हा त्यामागचा विचार.

मग ते बारगळले का?

रुग्णालयांना काम वाढले. खर्च वाढला. डॉक्टरांना फार यांची वर्गवारी पटेना. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६९ मध्ये स्वतःची वेगळी यादी काढली. काही वर्षांत नाइटिंगेल यांचे नमुने मागे पडले. १८६१ च्या जनगणनेत आजारी माणसे आणि घरांची स्थिती मोजावी, ही त्यांची सूचनाही फेटाळली गेली होती.

डॉक्टरांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. फार आणि नाइटिंगेल दोघेही रोग दूषित हवेतून पसरतात असे मानत, आणि त्यांची यादी त्या समजुतीवर उभी होती. जंतूंचा शोध लागल्यावर तिचे कप्पे मोडले. पण माझ्या मते चुकीची पण सर्वांची असलेली एक यादी, बरोबर असलेल्या दहा वेगवेगळ्या याद्यांपेक्षा उपयोगी असते. सर्वांची यादी सुधारता येते. तिला पुढचा आवृत्ती क्रमांक देता येतो. तसेच घडले : फार यांच्या कामावरून जॅक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये नवी यादी मांडली, ती १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि आज तिची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, लागू आहे.

भारताशी संबंध

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. पण भारतातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्यावर १८५९ मध्ये आयोग नेमला गेला, तेव्हा इथल्या छावण्यांना पाठवायची प्रश्नावली त्यांनी तयार केली. आलेल्या उत्तरांतून निघाले की फौजेत दर हजारी ६९ माणसे दरवर्षी मरत होती, तीही लढाईत नव्हे. पुढे त्यांचा रोख गावांच्या स्वच्छतेकडे वळला, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश मुलखातल्या गावांत मृत्यूची नोंद गावकामगार करत, आणि बहुतेक मृत्यूंपुढे एकच शब्द असे : ताप. हिवताप, विषमज्वर, सगळे त्यात.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज बीडमध्ये याचा अर्थ काय?

गर्भाशयातील एकाच प्रकारच्या गाठीला कागदावर फायब्रॉइड, मायोमा, लिओमायोमा किंवा नुसते ‘गाठ’ असे लिहिलेले सापडते. आयसीडी-१० मध्ये या सगळ्यांना एकच खूण आहे, डी-२५. अतिरक्तस्रावाला वेगळी खूण, अंग बाहेर येण्याला वेगळी. ‘पोटात दुखते’ किंवा ‘पांढरे जाते’ ही लक्षणे आहेत, आणि खूण लावताना ती लक्षणे म्हणूनच वेगळी दिसतात. म्हणजे खुणांनी नोंद झाली तर जिल्ह्यात तिशीतल्या किती बायांचे गर्भाशय केवळ लक्षणावर काढले गेले, हे एका दुपारच्या कामात निघेल. ‘पिशवीचा त्रास’ असे लिहिले तर कधीच नाही.

शस्त्रक्रियेचेही तेच. टीएएच म्हणजे पोटातून गर्भाशय काढणे. त्यापुढे बीएसओ ही तीन अक्षरे असली तर दोन्ही अंडाशयेही काढली आहेत. तिशीतल्या बाईची अंडाशये गेली तर पाळी जाण्याचे परिणाम तेव्हाच सुरू होतात, हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बोलताना दोन्हींना ‘पिशवी काढली’च म्हणतात. ही बाई सहा महिने कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडावर असते. तिथला डॉक्टर तिला पहिल्यांदाच पाहत असतो. एक दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून ती जुना कागद शोधायला गावी परतत नाही.

केंद्राने आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आणली, २०१६ मध्ये सुधारली. निदान, शस्त्रक्रिया, लक्षणे यांच्यासाठी स्नोमेड सीटी हा आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रह त्यात आहे. तो भारतात वापरायला पैसे पडत नाहीत आणि त्याचे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. आभा क्रमांकाने नोंदी एका व्यक्तीशी जोडता येतात. मात्र क्रमांकामुळे कागद फक्त एकत्र येतात. त्यांच्यावरचे शब्द जुळवून देणे हे क्रमांकाचे काम नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चाळिशीच्या आतील शस्त्रक्रियांची कारणासह नोंद व्हावी, असे त्यांत आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले. कारणाचा रकाना आता आहे. त्यात कोणते शब्द पडतात, हे दर महिन्याला कुणीतरी पाहायला हवे.

घरात कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी आहेत का ते बघा : आजाराचे पूर्ण नाव, शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव, अंडाशये काढली की ठेवली, आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल. टोळी निघण्याआधी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कार्ड हरवले असल्यास अर्ज करता येतो. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.