गाठीच्या तापाला नाव देणारे डॉक्टर

धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच्या समोरून गेले असतील. या थोर गृहस्थांची आज ओळख करून घेऊ या.

त्यांचा जन्म 1856 साली गोव्यातील हडफडे गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईला आले. 1880 साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. बंदराला लागूनची ही वस्ती धान्याच्या गोदामांची, हमालांची आणि कोंदट चाळींची. अशा ठिकाणी नुसत्या औषधाने भागत नाही. गटारे, पाणी आणि हवा यांचीही काळजी घ्यावी लागते. 1888 साली ते महापालिकेवर निवडून आले.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत लोक तापाने फणफणून मरू लागले. जांघेत, काखेत गाठी येत. डॉक्टरांनी ओळखले, हा प्लेग आहे. 23 सप्टेंबरला त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीत तसे स्पष्ट सांगितले. ही गोष्ट सोपी नव्हती. प्लेगचे नाव निघाले की मुंबईची जहाजे परदेशी बंदरांत अडणार, व्यापार बसणार, शहरात घबराट पसरणार. अनेकांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. पण तज्ज्ञांनी तपासणी केली आणि त्यांचे निदान खरे ठरले.

लाखो लोक शहर सोडून गेले. डॉक्टर मात्र रोग्यांमध्येच राहिले. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण सरकारी झडत्यांना भ्यालेले लोक रोगी लपवून ठेवीत. मग सुई कशी टोचून घेणार? तिथे ओळखीच्या, विश्वासाच्या डॉक्टरांची गरज होती. व्हिएगस यांनी सुमारे 18,000 लोकांना लस टोचली, असे सांगितले जाते.

1906 साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती होत. 1933 साली ते निवर्तले.

मुंबईतील आपल्या गावठाणांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्यांच्यापाशी प्रार्थना करताना, संकटाच्या वेळी कटू सत्य बोलणाऱ्या आणि त्यानंतर पळून न जाणाऱ्या या डॉक्टरांचेही आपण स्मरण करू या.