अस्थींचा अभ्यासक : रिचर्ड ओवेन

इंग्लंडमधील लँकेस्टर या गावी १८०४ साली रिचर्ड ओवेन यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. सोळाव्या वर्षी ते एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. तेथेच त्यांना शरीररचनेच्या अभ्यासाची गोडी लागली.

१८२७ साली ते लंडन येथील शस्त्रवैद्यांच्या संग्रहालयात साहाय्यक झाले. जॉन हंटर या थोर शस्त्रवैद्याने जमविलेले हजारो नमुने तेथे होते. परंतु त्यांची बहुतेक टिपणे नष्ट झाली होती. ओवेन यांनी एकेक नमुना पारखून त्यांची सूची सिद्ध केली. या तपश्चर्येमुळे हाडाच्या तुकड्यावरून प्राणी ओळखण्याची विलक्षण दृष्टी त्यांना लाभली.

१८३९ साली न्यूझीलंडहून आलेला वीतभरही नसलेला हाडाचा तुकडा त्यांनी तपासला व तो उडू न शकणाऱ्या प्रचंड पक्ष्याचा असल्याचे सांगितले. अनेकांना ते खरे वाटेना. चार वर्षांनी तेथून पेटीभर हाडे आली आणि ओवेन यांचे अनुमान खरे ठरले. १८४२ साली ‘डायनोसॉर’ या प्राणिगटाचे नामकरणही त्यांनीच केले.

१८५९ साली ऑस्ट्रेलियातील काही अवाढव्य मणक्यांवरून त्यांनी एका लुप्त, महाकाय सरड्याचा शोध जाहीर केला व त्याला ‘मेगालेनिया’ हे नाव दिले. पुढे तिकडून एक शिंगे असलेली कवटी आली. तीही त्याच सरड्याची, असे ओवेन यांनी ठरविले. पण ती कासवाची निघाली! मोठ्या पंडिताच्याही हातून चूक होते, ती अशी.

त्यांच्या स्वभावातही उणीव होती. इतरांच्या श्रमांचे श्रेय देताना त्यांचा हात आखडे. त्यामुळे अनेक विद्वान दुरावले. तथापि, निसर्गातील ठेवा सामान्य जनांनाही पाहता यावा, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. लंडनमधील भव्य निसर्गेतिहास संग्रहालय १८८१ साली खुले झाले, ते त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होय. १८९२ साली त्यांचे निधन झाले.

कवटीविषयीचे मत खोटे ठरले, तरी मणक्यांविषयीचे निदान टिकले. मेगालेनिया हा आपल्याकडील घोरपडीचा आप्त होय. कोमोडो बेटावरील घोरपडीला विषग्रंथी असतात, असे २००९ साली संशोधकांनी दाखविले आणि तिचा हा लुप्त आप्तही विषारी असावा, असे अनुमान मांडले. ओवेन यांनी आरंभलेला अभ्यास असा आजही पुढे चालू आहे.