पहिल्या क्रमांकाचे ओझे

हॉकी म्हटले की भारतीय माणसाला ध्यानचंद आठवतो. कॅनडात मात्र हॉकी बर्फावर, पायांत स्केट्स बांधून खेळली जाते आणि नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक स्पर्धेत स्थान मिळवणे हे तेथील असंख्य मुलांचे स्वप्न असते. सॅस्कॅचवान प्रांतातील रिजायना शहरी 30 मार्च 1961 रोजी जन्मलेल्या डग विकनहायझरचे हे स्वप्न ऐन तारुण्यात साकार झाले. त्याच्या दुःखाचे मूळही तेथेच होते.

1979-80 च्या हंगामात रिजायना पॅट्स या कनिष्ठ संघाकडून 71 सामन्यांत त्याने 89 गोल केले आणि 81 गोलांना साहाय्य केले. गोल वा साहाय्य यांस प्रत्येकी एक गुण, या हिशेबाने ते 170 गुण झाले. कनिष्ठ गटातील कॅनडाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. लीगमध्ये कोणत्या संघाकडून खेळावयाचे, हे नवा खेळाडू ठरवीत नाही. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघास प्रथम निवडीचा हक्क मिळतो आणि हा हक्क संघांना आपसांत देता-घेताही येतो. अशाच एका व्यवहारातून 1980 सालचा पहिला हक्क मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडे आला होता. 1976 ते 1979 अशी सलग चार वर्षे स्टॅनली कप जिंकणाऱ्या या संघाने विकनहायझरला निवडले.

मॉन्ट्रियल हे फ्रेंच भाषकांचे शहर. तेथेच वाढलेला, तेथील कनिष्ठ संघातून चमकलेला, फ्रेंच बोलणारा डेनी सावार्ड त्या वर्षी उपलब्ध होता. शहराला तो हवा होता. तिसऱ्या क्रमांकावर तो शिकागोकडे गेला. त्या दिवसापासून विकनहायझरचे मोजमाप त्याच्या खेळावरून होईना. हातून निसटलेल्या सावार्डवरून होऊ लागले. अर्थशास्त्रात निवडीची खरी किंमत त्याग केलेल्या पर्यायाने मोजतात. हा हिशेब निवड करणाऱ्याने द्यावयाचा असतो. येथे तो निवडल्या गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडून मागण्यात आला.

पहिल्या हंगामात त्याला अवघे 41 सामने मिळाले आणि त्यांत त्याने 7 गोल केले. 1982-83 मध्ये 25 गोल व 30 साहाय्ये अशी बरी प्रगती झाली. परंतु धीर संपलेल्या मॉन्ट्रियलने डिसेंबर 1983 मध्ये त्याला सेंट लुईस ब्लूज संघाकडे धाडले. तेथे जम बसत असतानाच मार्च 1985 मध्ये, संघातील नवख्यांची थट्टा करण्याच्या एका प्रकारात, मोटारीची धडक बसून त्याचा गुडघा जायबंदी झाला. तो पुन्हा उभा राहिला. 12 मे 1986 रोजी कॅलगरीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात सुमारे बारा मिनिटे उरली असता ब्लूज 2-5 असे पिछाडीवर होते. त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत निर्णायक गोल विकनहायझरने केला. पुढचा, मालिकेचा अखेरचा सामना कॅलगरीने जिंकला. तरी सेंट लुईस ती रात्र विसरले नाही.

पुढे तो व्हॅंकूव्हर, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथील संघांकडून खेळला. लीगमधील 556 सामन्यांत 111 गोल आणि 276 गुण, म्हणजे दोन सामन्यांस सरासरी एक गुण. सामान्य खेळाडूच्या बाबतीत ही कारकीर्द समाधानाची ठरली असती. सावार्डने 1,338 गुण मिळवले आणि विकनहायझर अपयशाचे उदाहरण होऊन बसला. दुसरा हक्क असलेल्या विनिपेगनेही सावार्डला वगळले होते. पुढे थोर ठरलेला फिनलंडचा यारी कुरी त्याच वर्षी 69 व्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे जवळजवळ सर्वच संघांचा अंदाज चुकला होता. ठपका मात्र एकाच्या माथी आला.

1994 मध्ये त्याच्या मनगटावरील गाठ काढली असता ती कर्करोगाची निघाली. 1997 मध्ये रोग फुप्फुसांपर्यंत पोहोचल्याचे आढळले. 12 जानेवारी 1999 रोजी, वयाच्या 37 व्या वर्षी, सेंट लुईस येथे त्याचे निधन झाले. ज्या गावाने त्याच्याकडून थोड्याची अपेक्षा केली, त्या गावाने त्याच्या 14 या क्रमांकाच्या नावाने धर्मादाय निधी उभारला.

परीक्षेतील पहिला क्रमांक झालेल्या कामाची पावती असतो. विकनहायझरला मिळालेला पहिला क्रमांक हे इतरांनी बांधलेले भाकीत होते. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाच्या माथीही समाज असेच भाकीत मारतो आणि ते खोटे ठरले की मुलालाच दोषी धरतो. विकनहायझरने कोणतेही वचन मोडले नव्हते; कारण ते त्याने कधी दिलेच नव्हते.