नामहीन प्रमुख रचनाकार : सर्गेई कोरोलेव

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा मानवनिर्मित पहिला उपग्रह पृथ्वीच्या कक्षेत सोडला. त्याचा ‘बीप-बीप’ संकेत देशोदेशींच्या हौशी रेडिओप्रेमींनी ऐकला. तो घडविणाऱ्या पुरुषाचे नाव मात्र जगाला ठाऊक नव्हते.

सर्गेई पावलोविच कोरोलेव यांचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमीर येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांचे बालपण आजोळी गेले. ओडेसा येथे त्यांना विमानविद्येचा छंद जडला. कीव्ह व मॉस्को येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर ते रॉकेटविद्येकडे वळले. १९३३ मध्ये त्यांच्या गटाने पहिले रॉकेट उडविले.

१९३८ मध्ये, स्टालिनच्या राजवटीत, खोट्या आरोपांखाली त्यांना अटक झाली. कोलिमा येथील सोन्याच्या खाणीत कष्ट व उपासमार सोसताना त्यांचे दात पडले, प्रकृती कायमची ढासळली. पुढे बंदिवासातच त्यांना विमानरचनेच्या कामास जुंपण्यात आले. सुटका झाली ती १९४४ मध्ये. ज्या राज्यसत्तेने हा छळ केला, तिच्याचसाठी त्यांनी पुढील आयुष्य वेचले.

‘आर-७’ हे त्यांचे महाकाय क्षेपणास्त्र अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी होते. कोरोलेवांना त्यात अंतराळाची वाट दिसली. नियोजित अवजड उपग्रह वेळेत सिद्ध होईना, तेव्हा त्यांनी अगदी साधा उपग्रह पाठविण्याचा आग्रह धरला. ५८ सेंटीमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा, चार अँटेना असलेला तो चकचकीत गोळा सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करी. तीन आठवडे त्याचे संकेत येत राहिले. जानेवारी १९५८ मध्ये तो वातावरणात जळून गेला.

१९६१ मध्ये युरी गागारिन अंतराळात गेले, तेही कोरोलेवांच्याच यानातून. गागारिन यांचे जगभर सत्कार झाले. कोरोलेवांचा उल्लेख मात्र ‘प्रमुख रचनाकार’ एवढाच होत असे. गोपनीयतेपायी त्यांचे नाव छापण्यास मनाई होती.

१४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच वृत्तपत्रांनी त्यांचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध केले. क्रेमलिनच्या भिंतीत त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या, तेव्हा कुठे देशवासीयांना आपला प्रमुख रचनाकार कोण होता, हे कळले.