वरोऱ्याचा कोळसा नापास झाला अन् जमशेटजींचे पोलाद लांबले

पूल, इमारतींसाठी नवा मिश्रधातू हवा असेल, तर आज हजारो मिश्रणे आधी संगणकावरच चाळली जातात. कोणते मजबूत, कोणते ठिसूळ याचे गणित मांडून मोजकीच भट्टीपर्यंत जातात. जमशेटजी टाटांच्या (१८३९-१९०४) काळी एकेक नमुना जाळून, वितळवूनच पाहावा लागे.

नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. कोळसाही जवळच होता, वरोऱ्यात. म्हणजे आपल्या वणीहून वर्धा नदीपलीकडे. खनिज उत्तम, पण कोळसा चाचणीत नापास. त्याचा भट्टीला लागणारा कोक होईना. (हा दोष संगणकानेही घालवला नसता, हे खरे.) त्यात खाणपरवान्याच्या अटी जाचक. बेत बारगळला.

१८९९ मध्ये कर्झनने नियम सैल केले, तेव्हा जमशेटजी साठीचे होते. तरी १९०२ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी तज्ज्ञ गाठले. दोनच वर्षांत जर्मनीत त्यांचे निधन झाले.

साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद निघाले ते १९१२ मध्ये. पुढे १९४३ मध्ये हावडा पूल खुला झाला. त्याच्या २६,५०० टन पोलादापैकी सुमारे २३,००० टन टाटांचेच ‘टिस्क्रोम’ हे मिश्रधातूचे पोलाद होते.