जुन्या घराचा भाडेकरू

विल्यम मॉरिस हे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे त्याने काढलेली पानाफुलांची आणि पाखरांची नक्षी येते. कुणी त्याला कवी म्हणून ओळखतो, कुणी समाजवादी म्हणून. मला मात्र त्याच्या आयुष्यात सगळ्यात ओढ वाटते ती त्याच्या घरांची. जुन्या वास्तूचे काय करायचे, पाडायची की नव्यासारखी चकचकीत करायची, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक घराण्यापुढे येतो. मॉरिसने त्याला तिसरे उत्तर दिले आणि त्यासाठी पदराला खारही लावून घेतला.

त्याचा जन्म २४ मार्च १८३४ चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोचा. वडील दलाली पेढीतले. तांब्याच्या खाणीचे भाग त्यांनी घेतले आणि घरात पैसा आला. मुलगा ऑक्सफर्डला गेला तो धर्मोपदेशक होण्यासाठी. पण तिथे एडवर्ड बर्न-जोन्स हा मित्र भेटला आणि दोघांनीही कलेची वाट धरली. १८५६ मध्ये मॉरिस एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारीला राहिला. ती उमेदवारी वर्षभरही टिकली नाही, पण तिथे भेटलेला फिलिप वेब जन्माचा सोबती झाला.

मग दोघा मित्रांनी लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये बिऱ्हाड थाटले. खोल्या रिकाम्या होत्या आणि दुकानांतले, उसन्या नक्षीने मढवलेले सामान मॉरिसच्या मनाला येईना. तेव्हा त्याने स्वतःच टेबल, खुर्च्या आणि उंच पाठीचे एक प्रचंड बाकडे कागदावर उतरवले आणि जवळच्या सुताराकडून करून घेतले. सामान आले त्या दिवशी जिना आणि बोळ लाकडांनी गच्च भरून गेले! रोझेटी या चित्रकार मित्राने त्या फळ्यांवर चित्रे रंगवली. पुढच्या सगळ्या कारभाराचे मूळ या एका अडचणीत होते.

१८५९ मध्ये मॉरिसने जेन बर्डनशी लग्न केले. ती तबेल्यातल्या नोकराची मुलगी. तिच्यासाठी केंट परगण्यात वेबने ‘रेड हाउस’ बांधले. लाल विटा गिलावा न करता तशाच उघड्या ठेवल्या. रेड लायन स्क्वेअरचे बाकडेही तिथे गेले. सुटीच्या दिवशी मित्रमंडळी जमायची, कुणी भिंती रंगवायचे, कुणी पडदे भरायचे. याच खटाटोपातून १८६१ मध्ये त्यांची व्यापारी पेढी निघाली. पण दुखणे, पैशाची ओढाताण आणि लंडनची रोजची ये-जा यांमुळे १८६५ मध्ये घर सोडावे लागले. जड सामान तिथेच राहिले. मॉरिसने ते घर पुन्हा कधीच पाहिले नाही. पाहणे त्याला सोसले नसते.

पेढीच्या सामानात मला सगळ्यात आवडते ती ससेक्स खुर्ची. सडपातळ काळे पाय, लव्हाळ्याने विणलेली बैठक. खेड्यातल्या खुर्चीचाच घाट, फक्त नीट निगुतीने घडवलेला. पाठ मागेपुढे करता येणारी ‘मॉरिस खुर्ची’देखील ससेक्समधल्या एका सुताराच्या खुर्चीवरून वेबने बेतली. मॉरिसचा स्वतःचा हात माग आणि रंगाची पिंपे यांत अधिक रमला. लाकूडकाम बहुतेक वेबकडे. पण लाकडाने लाकूडच दिसावे आणि घडवणाऱ्याला कामात आनंद मिळावा, हा आग्रह मॉरिसचा होता.

१८७१ मध्ये त्याने ऑक्सफर्डशायरमधले केल्म्स्कॉट मॅनर हे जुने दगडी घर रोझेटीच्या भागीत भाड्याने घेतले. रोझेटी आणि जेन यांचे मन एकमेकांत गुंतले होते आणि मॉरिसला ते ठाऊक होते. तो त्या उन्हाळ्यात आइसलंडला निघून गेला. १८७४ मध्ये रोझेटीने ते घर कायमचे सोडले. एवढे दुःख पाहिलेल्या वास्तूवर माणसाने खरे तर फुली मारावी. मॉरिसने मात्र तिच्यावर मरेपर्यंत प्रेम केले. छपराच्या दगडी कौलांची रचना त्याला फार आवडे, खाली मोठी आणि वर चढत लहान होत जाणारी. आधीच्या लोकांनी टांगलेले सॅमसनच्या कथेचे जुने विणीव पडदे त्याने तसेच राहू दिले. ज्या ओकच्या जुन्या पलंगावर तो झोपे, त्याच्या झालरीवर लेक मे हिने त्याचीच कविता भरली.

या प्रेमाला सार्वजनिक रूप मिळाले ते १८७७ मध्ये. त्या काळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चांचे गिलावे खरवडून, नंतरच्या शतकांची भर पाडून, ती मुळात कशी असतील त्या अंदाजाने पुन्हा घडवली जात. ट्यूक्सबरीच्या मठावर तीच पाळी आली, तेव्हा मॉरिसने जाहीर निषेध केला आणि प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे म्हणणे साधे होते. गळके छप्पर वेळेवर शाकारा, कलत्या भिंतीला टेकू द्या. पण नवा भाग जुना म्हणून मिरवू नका. पेढीची मोठी कमाई चर्चांच्या रंगीत काचांची होती. मॉरिसने जुन्या चर्चांसाठी अशा नव्या काचा करणे बंद केले. तत्त्व आणि तिजोरी आमनेसामने आली, तेव्हा त्याने तिजोरीला माघार घ्यायला लावली.

एक गाठ मात्र सुटली नाही. हाताने घडवलेली वस्तू महाग पडे आणि श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जाई. ही बोच त्याला १८८३ मध्ये समाजवादी चळवळीत घेऊन गेली. मला त्याचा मोठेपणा इथेही दिसतो. स्वतःच्या धंद्यातली विसंगती त्याने झाकली नाही.

त्याच्याच सल्ल्याने अर्नेस्ट गिम्सन हा तरुण लंडनला आला. पुढे १८९० नंतरच्या काळात गिम्सन आणि बार्न्सली बंधू कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत पिनबरी इथले पडके जुने घर दुरुस्त करून राहिले आणि तिथेच लाकूडकाम करू लागले. रंध्याच्या आणि पटाशीच्या खुणा न लपवणारे, सांधे उघडे ठेवणारे ते सामान म्हणजे मॉरिसच्या दुरुस्तीच्या तत्त्वाचेच लाकडातले रूप. त्याच टेकड्यांत ब्रॉड कॅम्पडेनला एक पडके नॉर्मन चॅपल दुरुस्त करून आपले आनंद कुमारस्वामी राहिले. मॉरिसच्या छापखान्यातल्या हातयंत्रावर त्यांनी सिंहली कलेवरचा आपला ग्रंथ १९०८ मध्ये छापून काढला.

मॉरिस ३ ऑक्टोबर १८९६ रोजी, बासष्टाव्या वर्षी गेला. शेतातल्या उघड्या गाडीतून त्याला केल्म्स्कॉटच्या स्मशानात नेले. समाधीचा दगड वेबने घडवला. ज्या घरासाठी त्याने जीव टाकला, त्याचा तो अखेरपर्यंत भाडेकरूच होता. जेनने ते विकत घेतले १९१३ मध्ये. मला वाटते, जुन्या घराशी माणसाचे खरे नाते हेच. मालकीचा कागद कुणाच्याही नावावर असो, आपण तिथे काही वर्षे राहायचे, गळती थांबवायची आणि पुढच्याच्या हाती सोपवून निघायचे.